कासलच्या काकू, थँक्यू म्हणायला दोन महिने उशीर झालाय

प्रिय काकू,

घरी पोचल्यावर "सुखरूप पोचलो, थँक्यू सो मच" असा मेसेज टाकला होता आणि पुढे ते जोडलेले हात, पण एवढ्यावर भागवणं काही बरोबर नाही हे तेव्हापासून डोक्यात आहे. मग शाळा सुरू झाली, चिऊला ताप आला, ऑफिसचं ऑडिट आलं, राहूनच गेलं. आज बसलेच लिहायला. आणि उघडपणे लिहितेय कारण ओळखीतले तीन-चार जण "जर्मनीत नक्की कुठे गेला होतात, नावं टाक ना" म्हणून मागे लागलेत, त्यांचंही काम होईल.

तुम्हाला आठवत असेल, मी पहिला फोन केला तेव्हा आपली ओळख पण नव्हती. सासूबाईंच्या भिशीतल्या बाईंची बहीण जर्मनीत कासल शहरात असते एवढ्या धाग्यावर मी तुम्हाला रात्री साडेदहाला फोन लावला (तुमच्याकडे संध्याकाळ होती हे नशीब) आणि विचारलं की काकू, मुलीला परीकथेतल्यासारखं काहीतरी दाखवायचंय, तो डोंगरावरचा पांढरा किल्ला, नॉयश्वानस्टाइन, तो कसा बसवायचा चार दिवसांत? तुम्ही किल्ल्याबद्दल काहीच बोलला नाहीत. तुम्ही विचारलंत, "तिला झोपताना कुठली गोष्ट लागते?"

मला वाटलं काकू गप्पा मारतायत. मी म्हटलं हॅमेलिनचा पुंगीवाला, हिमगौरी, आणि ती लांब केसांची रपुंझेल. तुम्ही म्हणालात, "अगं मग इतक्या खाली बव्हेरियात कशाला जातेस, हे सगळे माझे शेजारी आहेत."

नंतर कळलं की तो किल्ला बांधायलाच १८६९ ला घेतला, म्हणजे माझ्या सासरच्या वाड्याच्या वयाचा. सुंदर असेलच, नाही म्हणत नाही, पण आमच्या गोष्टी तिथल्या नव्हत्या. त्या तुमच्या बाजूच्या. हानाऊपासून ब्रेमेनपर्यंत साधारण सहाशे किलोमीटरचा रस्ता आहे, १९७५ पासून त्याला 'परीकथांचा रस्ता' म्हणतात, हे मला चाळिशीला आल्यावर तुमच्याकडून कळलं. इथे ज्या टूरवाल्याकडे आधी चौकशी केली होती त्याने तर सरळ सांगितलं, "मॅडम तिकडे कोणी जात नाही."

हानाऊला, म्हणजे ह्या गोष्टी गोळा करून छापणारे ग्रिम बंधू जिथे जन्मले, तिथे आम्ही फक्त गाडी बदलायच्या वेळात जाऊन पुतळा बघितला आणि पळालो. खरी मजा तुमच्याकडे कासलला आल्यावर. ग्रिमवेल्ट म्युझियममध्ये मी कंटाळीन असं वाटलं होतं, पण तिथे त्या दोघांची स्वतःची गोष्टींची पुस्तकं, समासात हाताने नोंदी केलेली, ती बघून गप्पच झाले. आणि तुम्ही सांगितलेलं ते भाजीवालीचं, म्हणजे डोरोथिया फीमान, शिंप्याची बायको, कासलच्या बाजारात मळ्यातला माल विकायला यायची आणि ग्रिमांना गोष्टी सांगायची, त्यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागातल्या कितीतरी गोष्टी तिच्या. सासूबाई लगेच म्हणाल्या, बघ, गोष्टी बाईच्या आणि नाव कोणाचं. त्यावर तुम्ही दोघी अर्धा तास बोलत होतात, मी आणि हे बाहेर बाकावर बसून चिवडा खात होतो (तो तुमच्यासाठी आणलेला, आता कबूल करते, एक पाकीट कमी होतं ते आम्हीच संपवलं).

शनिवारचं तर कसं विसरणार. तुम्ही सुट्टीच्या दिवशी स्वतःची गाडी काढलीत, आधी ट्रेंडेलबुर्गचा किल्ला, तिथल्या बुरुजावरून खरंच रपुंझेलची लांबलचक वेणी खाली सोडलेली, चिऊने खाली उभं राहून तीनदा हाक मारली आणि चौथ्यांदा सासूबाईंनी मारली. मग राइनहार्ड्सवाल्डचं जंगल. साबाबुर्ग हा झोपलेल्या राजकन्येचा किल्ला मानतात, तो आम्ही बाहेरूनच बघितला, पण मला किल्ल्यापेक्षा त्याच्या जवळचं जुनं रान जास्त आठवतं. १९०७ पासून ते राखीव आहे, पडलेलं झाड कोणी उचलत नाही, जागीच कुजू देतात. ते पोकळ झालेले ओक, आत माणूस उभा राहील एवढे, खाली नेचे गुडघ्यापर्यंत, आणि दुपारी दोन वाजता सुद्धा अंधारल्यासारखं. चिऊने माझा हात घट्ट धरला आणि हळूच विचारलं, "आई, लांडगा इथेच राहतो का?" मी नाही म्हणणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "आज सुट्टीवर आहे." काकू, ती अजून हे सगळ्यांना सांगते.

आणि तुमच्या त्या बारीकसारीक सूचना. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच दूध-ब्रेड घेऊन ठेवा. हामेल्नला, म्हणजे गोष्टीतल्या हॅमेलिनला, जायचं तर रविवारच धरा कारण उन्हाळ्यात दर रविवारी बारा वाजता चौकात पुंगीवाल्याचं नाटक असतं, फुकट, गावातलेच लोक करतात. हे कुठल्या ब्रोशरमधून आम्ही शोधणार होतो? त्या सकाळी आमची एक गाडी रद्द झाली, बोर्डावर जर्मनमध्ये काहीतरी सरकत होतं, मी प्लॅटफॉर्मवर रडायच्या बेतात, तुम्हाला फोन केला तर तुम्ही नाष्टा सोडून फोनवर दुसरी गाडी शोधून दिलीत आणि आम्ही बाराला पाच कमी असताना धापा टाकत चौकात. अर्धा तास नाटक, एक शब्द जर्मन कळत नाही, पण चिऊला सगळं कळत होतं, ती मलाच समजावत होती. करड्या कपड्यातली छोटी पोरं उंदीर होऊन रांगत आली तेव्हा तिने इतक्या मोठ्याने विचारलं की आजूबाजूचे वळून बघायला लागले, "बाप्पाचा उंदीर पण गेला का नदीत?" सासूबाईंनी शांतपणे उत्तर दिलं की तो तेव्हा बाप्पाबरोबर होता, ड्युटीवर. (लांडगा सुट्टीवर, उंदीर ड्युटीवर, काय चाललंय आमच्या घरात.)

नाटक संपल्यावर तुम्ही सांगितलेली ती गल्ली शोधली, बुंगेलोझेनश्ट्रासे, जिथे ढोल वाजवायला आणि नाचायला बंदी आहे, लग्नाची वरात आली तरी तिथे वाद्यं थांबतात, कारण २६ जून १२८४ ला गावातली १३० मुलं पुंगीवाल्याच्या मागे त्याच वाटेने गेली असं म्हणतात. तिथल्या जुन्या घराच्या भिंतीवर तसं कोरलंय, त्यात मुलं आहेत, पुंगीवाला आहे, उंदीर मात्र नाहीत. उंदीर गोष्टीत कितीतरी नंतर आले म्हणे. हे मी चिऊला सांगितलं नाही. आपलं गाव असतं तर त्या गल्लीत डीजे आधी लागला असता असं हे म्हणाले, पण खरं सांगू, तिथे उभं राहिल्यावर मला पण बोलावंसं वाटेना, मी नुसती चिऊची कॉलर धरून ठेवली होती.

ब्रेमेन सासूबाईंचं. गाढव, कुत्रा, मांजर, कोंबडा एकावर एक, तो ब्राँझचा पुतळा १९५३ चा, गाढवाचे पुढचे पाय लोकांनी हात लावून लावून सोन्यासारखे चकचकीत केलेत. तुम्ही बजावलं होतं की दोन्ही हातांनी दोन्ही पाय धरा, एका हाताने धरलं तर एक गाढव दुसऱ्याला भेटलं म्हणतात. ह्यांनी अर्थात एका हाताने धरलं. मी सासूबाईंना गोष्ट सांगितली की हे चौघं म्हातारे झाले म्हणून मालकांना नकोसे झाले, मग गाणं-बजावणं करायला ब्रेमेनला निघाले आणि वाटेत चोरांचं घर मिळालं तिथेच राहिले, ब्रेमेनला पोचलेच नाहीत. त्या गुडघे धरून पायरीवर बसल्या होत्या, म्हणाल्या, "मी पोचले की." त्यांचा तो फोटो आता हॉलमध्ये लावलाय, पॅरिसचा एकही लावला नाही.

काकू, तुमचा तो स्टीलचा डबा, ज्यात निघताना वरणफळं भरून दिली होतीत, तो आमच्याबरोबर नाशिकला आलाय. रिकामा डबा परत करायचा नसतो म्हणून सासूबाईंनी त्यात कुळथाचं पीठ भरून ठेवलंय, तुमच्या ताई नोव्हेंबरात तिकडे येतायत त्यांच्याकडे देतेय. चिवड्याची दोन पाकिटं वेगळी आहेत, मोजून घ्या.

तुमची,
चिऊची आई