घड्याळवाल्या काकांना

काका, नमस्कार.

मंडईमागच्या जिन्याखाली तुमच्याकडे बाबांचं एचएमटी जनता घेऊन आलेला तो मी. दिवसाला पन्नास जण येत असतील, म्हणून खूण सांगतो: पट्टा तुटलेला, आणि काचेवर इतके चरे की वेळ बघायला घड्याळ उजेडात तिरकं धरावं लागे. बाबा फिटर होते. घड्याळ काढून ठेवून काम करणं त्यांना कधी जमलंच नाही.

तुमच्याआधी एका झगमगीत दुकानात गेलो होतो. ‘याची काच आता कुठून आणणार? नवंच घ्या,’ म्हणाले. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं सरकारने २०१६ मध्येच ठरवलं, त्यामुळे मलाही ते खरं वाटलं. तुम्ही मात्र भिंग डोळ्याला लावलंत, काचेवर नखाने टकटक केलंत आणि म्हणालात, “प्लास्टिक आहे रे. घरी घास. मला कशाला पैसे देतोस?”

घासली. काचेभोवतीच्या स्टीलला आणि चावीच्या फटीला चिकटपट्टी लावली. पांढरी टूथपेस्ट, जेल नाही, वाटाण्याएवढी. बनियनचा जुना तुकडा बोटाला गुंडाळून गोल गोल, हलक्या हाताने. पाच मिनिटांत काहीच दिसेना, म्हणून मी जोर लावला. काच कोमट लागली तेव्हा तुमचं ‘तापवू नकोस’ आठवलं आणि हात थांबला. तिसऱ्यांदा पुसल्यावर तबकडीवरचे आकडे एकेक करून वर आले. दोन खोल चऱ्यांना पेस्ट पुरेना. तिथे २००० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे अगदी बारीक पॉलिश पेपर, पाण्यात भिजवून फिरवला. काच दुधासारखी पांढरी झाली आणि माझ्या पोटात गोळा आला. पुन्हा पेस्ट, पुन्हा बनियन, अर्धा तास. निवळली.

मग अंगात आलं. मुलाच्या घड्याळावरही तोच प्रयोग केला, शष्प फरक नाही. नखाने वाजवून बघितलं तर टणटण. खरी काच! ती टूथपेस्टला दाद देत नाही, तिला सेरियम ऑक्साइड, म्हणजे काच घासायची पूड लागते. महागड्या घड्याळांच्या सफायर काचेवर चरा पडला तर त्याला हिऱ्याच्या पेस्टशिवाय इलाज नाही, आणि ते आपल्या घरचं काम नव्हे. तुमच्या त्या टकटकीचा अर्थ मला असा उलट्या बाजूने कळला.

काच विकायची सोडून ती कशी वाचवायची ते तुम्ही गिऱ्हाइकाला शिकवलंत, तेही रांगेतल्या दोघांना थांबवून. त्याबद्दल मनापासून आभार.

चारच्या आकड्याजवळ एक चरा अजून आहे. नख फिरवलं की अडकतं. पुढच्या शनिवारी दाखवायला आणतो. पैसे घेणार नसाल तर चहा तरी घ्या. साखर किती, तेवढं सांगा.

तुमचा,
जनतावाला