ऐतिहासिक कादंबरीलाही नकाशा हवा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीतील पुस्तकांचे पान मी अनेक वर्षे न चुकता वाचत आले आहे. त्या पानावर बहुधा नव्या पुस्तकांची दखल घेतली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु यंदाच्या उन्हाळ्यात योगायोगाने लागोपाठ हाती आलेल्या तीन पुस्तकांनी, ज्यांपैकी एकही ताजे नाही, मला असे काही झपाटून टाकले की हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. त्यातूनच आमच्या प्रकाशकांकडे एक मागणी करावी असेही वाटले. ती पुढे मांडते.

पहिले पुस्तक नाथमाधवांचे ‘वीरधवल’. ही अद्भुतरम्य कादंबरी 1913 सालची. शाळेत असताना वडिलांच्या धाकाने ती मी पांघरुणात लपवून वाचली होती आणि आता, वयाची पासष्टी उलटल्यावर, वाचनालयातून आणून दिवसाउजेडी उघडपणे वाचली. तिची भाषा आज अलंकारांनी जड वाटते, योगायोगांची तर नुसती रेलचेल आहे. तरीही प्रकरण संपताना ‘एवढे एकच पाहू आणि निजू’ असे स्वतःला बजावत मी रात्रीचे दीड वाजवले, हे कबूल केले पाहिजे. या लेखकाचे, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे यांचे, आयुष्य त्यांच्या कादंबरीइतकेच विलक्षण होते. शिकारीला गेले असताना सिंहगडाच्या कड्यावरून ते कोसळले, कमरेखालचे शरीर लुळे पडले, आणि त्यानंतर त्यांनी लेखणी हाती धरली. ज्याला स्वतःच्या पायांवर उभे राहता येत नव्हते, त्याने आपल्या नायकांना इतके धावायला लावावे, ही गोष्ट या खेपेला वाचताना सारखी मनात येत होती. त्याच हाताने पुढे स्वराज्याच्या स्थापनेवरील ऐतिहासिक कादंबऱ्याही लिहिल्या. अद्भुत आणि इतिहास ही दोन वेगळी दालने आहेत, असे त्या पिढीला वाटत नसावे. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाणारी गुंजीकरांची ‘मोचनगड’ (1871) तरी काय आहे? काळ शिवाजी महाराजांचा, पण गड मात्र लेखकाच्या मनात बांधलेला.

दुसरे पुस्तक माझ्या नातीने आणून दिले. इंग्रज लेखक टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या त्रिखंडी महाकादंबरीचा मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने केलेला हा अनुवाद आहे. बुटके, यक्ष, जादूगार अशी पात्रे पाहून मी प्रथम नाक मुरडले होते. पन्नासेक पानांनंतर ते आपोआप सरळ झाले. एक लहानखुरा, घरकोंबडा जीव, ज्याला दोन वेळच्या न्याहारीची चिंता अधिक, तो जगाचा नाश करू शकणारी अंगठी गळ्यात अडकवून शेकडो कोस चालत जातो आणि अखेरच्या क्षणी ती टाकून देण्याचे धैर्य त्यालाही होत नाही. इतक्या मोठ्या कथेच्या नायकाला ऐन शेवटी हरू देण्याची हिंमत फार थोड्या लेखकांनी दाखवली असेल. त्या नायकाचा सोबती सॅम याच्या स्वामिनिष्ठेने तर मला दोनदा डोळे पुसायला लावले. गाणी मात्र फार आहेत, आणि काही मी सरळ ओलांडली.

हे जग नुसत्या कल्पनेचे वाटत नाही, याचे कारण मला नातीच्या इंग्रजी प्रतीत सापडले. मूळ ग्रंथाच्या शेवटी परिशिष्टे आहेत: राजांच्या वंशावळी, हजारो वर्षांची शकावली, लिप्यांचे तक्ते, इतकेच काय, त्या बुटक्यांचे पंचांगसुद्धा! प्रत्येक महिना तीस दिवसांचा, आणि वर्षाच्या ऐन मध्यावरचा एक दिवस कोणत्याही वारात न धरलेला. तिथींचे क्षय आणि वृद्धी पाहत ज्यांचे आयुष्य गेले, त्या आम्हाला हा हिशेब वाचताना परके वाटण्याचे कारणच नाही. सगळी कथा त्या बुटक्यांनीच लिहून ठेवलेल्या एका जुन्या पोथीवरून घेतली आहे, असा बहाणाही लेखकाने केला आहे, म्हणजे ही एक बखरच झाली. टॉल्किन हे ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि पहिल्या महायुद्धात, 1916 साली, सोमच्या लढाईत खंदकांतून राहिलेले होते. महायुद्ध संपले तेव्हा त्यांच्या जिवलग मित्रांपैकी एकच जिवंत उरला होता. 1954-55 मध्ये तीन खंडांत निघालेल्या या पुस्तकात आधी नकाशा आखला गेला आणि कथा त्या नकाशाला जुळवून घेतली गेली. कोण कोणत्या दिवशी कुठे मुक्कामाला होते, याचा हिशेब सहसा चुकत नाही. छापील नकाशे लेखकाच्या मुलाने, ख्रिस्तोफरने, काढले. वाचताना माझे एक बोट सतत त्या नकाशाच्या पानात असे.

आणि मग तिसरे पुस्तक आले, ना. सं. इनामदारांची यशवंतराव होळकरांवरील ‘झुंज’. इतिहासाने ज्यांच्या पदरी फक्त बदनामी टाकली, अशा माणसांची बाजू समजून घेणे हा इनामदारांचा पिंडच होता. ‘झेप’मध्ये त्यांनी त्रिंबकजी डेंगळ्यांना आणि ‘मंत्रावेगळा’मध्ये दुसऱ्या बाजीरावालाही तो न्याय दिला. शाळेत मी मुलांना यशवंतराव म्हणजे ‘पुणे लुटणारा होळकर’ इतकेच शिकवले होते, याची मला आता लाज वाटते. यशवंतरावांचे भाऊ विठोजी होळकर यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले गेले, त्यानंतर 25 ऑक्टोबर 1802 रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरला यशवंतरावांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव सिंहगड, महाड, सुवर्णदुर्ग असा पळत समुद्रमार्गे वसईला इंग्रजांच्या आश्रयाला पोहोचला आणि 31 डिसेंबरला त्याने इंग्रजांशी केलेल्या वसईच्या तहावर सही केली. हा सगळा क्रम मला तोंडपाठ होता. तरीही वाचताना ‘आता तरी मागे फिर, महाडाहून तरी फिर’ असे मी त्या बाजीरावाला मनातल्या मनात विनवत होते. शेवट ठाऊक असूनही आशा सुटत नाही, ही ऐतिहासिक कादंबरीची जादू त्या अंगठीपेक्षा कमी आहे, असे कोण म्हणेल?

पुस्तक मिटल्यावर 1804 च्या पावसाळ्यात कर्नल मॉन्सनची इंग्रज फौज यशवंतरावांपुढे मुकुंदरा खिंडीपासून आग्ऱ्यापर्यंत चिखलात तोफा टाकून कशी मागे हटली, 1805 च्या आरंभी भरतपूरच्या तटावर इंग्रज सेनापती लेकचे चार हल्ले कसे फसले, हे मी मुद्दाम शोधून वाचले. टॉल्किनच्या कथेत बायका फार थोड्या, पण इओविन नावाची एका राजाची भाची पुरुषवेषात रणांगणात उतरून शत्रूच्या सर्वांत भयंकर सेनापतीला मारते, तो प्रसंग मी दोनदा वाचला होता. यशवंतरावांची मुलगी भीमाबाई 1817 मध्ये महिदपूरच्या लढाईत उतरली होती, हे वाचले तेव्हा ती इओविनच आठवली. नातीला भीमाबाई सांगितली, तर तिने विचारले, “आजी, ही खरी की पुस्तकातली?”

माझी मागणी या प्रश्नातूनच निघाली आहे. जी भूमी कुठेच नाही, तिच्या कथेला नकाशा, वंशावळ आणि शकावली मिळते. आणि महेश्वर, भानपुरा, डीग, भरतपूर ही गावे, जिथे आजही एस. टी. बदलत किंवा रेल्वेने जाता येते, त्यांच्या कथा सांगणाऱ्या मी वाचलेल्या बहुतेक मराठी कादंबऱ्यांत वाचकाला रस्ता स्वतःच शोधावा लागतो. मी शेवटी जुन्या दिनदर्शिकेच्या पानामागे पेन्सिलीने यशवंतरावांची वाटचाल काढली. ऐतिहासिक कादंबरीच्या नव्या आवृत्त्या काढणाऱ्या प्रकाशकांनी दोन पानांचा नकाशा, एक वंशावळ आणि घटनांची शकावली जोडली, तर छपाईचा खर्च असा कितीसा वाढेल? त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोणते प्रसंग पत्रांतून वा बखरींतून घेतले आणि कोणते लेखकाने रचले, याचे एक टिपण शेवटी असावे. अशाने कादंबरीतला रस आटेल, अशी भीती काही जणांना वाटते. मला ती पटत नाही. सभासदाच्या बखरीत भवानी प्रत्यक्ष येऊन महाराजांशी बोलते, म्हणून ती बखर वाचण्याचे कुणी सोडलेले नाही. उलट असे टिपण नसल्यामुळे कादंबरीतील संवाद व्याख्यानांतून इतिहास म्हणून ऐकवले जातात आणि त्यावरून पुढे भांडणे होतात, हे आपण सगळेच पाहतो.

आपल्या पानावर या विषयाची चर्चा घडवून आणावी आणि सोबत ‘वीरधवल’सारख्या जुन्या अद्भुत कादंबऱ्यांसाठीही अधूनमधून एखादा कोपरा ठेवावा, ही विनंती. ‘झुंज’ आता नातीच्या हाती आहे आणि माझा पेन्सिलीचा नकाशाही तिने खूणपान म्हणून त्यातच ठेवला आहे. यशवंतरावांच्या वाटेवरचे अमृतसर मी बियास नदीच्या पूर्वेला दाखवले होते. ते खोडून तिने पश्चिमेला नेले आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, कराड