बाळाच्या डोळ्यांचा रंग हा आईविरुद्धचा पुरावा नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यात प्रसूती कक्षातली परिचारिका म्हणून माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली. बाळंतिणीच्या खाटेभोवती नातेवाईक जमले की बोलणी ठरलेली असतात. नाक कोणाचे, कपाळ कोणाचे, जावळ किती दाट. पण बाळाचे डोळे घारे निघाले आणि घरात तसे कोणाचेच नसले, की सूर बदलतो. बाळाला खिडकीपाशी नेतात, उजेडात पापणी वर करून बघतात, आणि कोणीतरी म्हणतेच, "आमच्याकडे तर कोणीच घारं नाही हो, हे कुठून आलं?" विचारतात बाळाबद्दल, बघतात आईकडे. टाके अजून ओले असलेली ती मुलगी भिंतीकडे तोंड करून पडून राहते. शिकल्यासवरल्या घरांतही मी हे पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी चीड आली आहे, म्हणून हे पत्र.

काळ्या डोळ्यांच्या आई-वडिलांना घारे मूल होण्यात नवल काहीच नाही. बुबुळाला रंग येतो तो मेलॅनिनमुळे. त्वचेला आणि केसांना रंग देणारे द्रव्यही तेच. बुबुळाच्या पुढच्या थरात ते भरपूर असेल तर डोळे काळे-तपकिरी दिसतात, कमी असेल तर घारे आणि जवळजवळ नसेलच तर निळे. निळ्या डोळ्यांत निळे द्रव्य मुळी नसतेच, उजेड विखुरल्यामुळे ते निळे भासतात. मेलॅनिन किती तयार व्हायचे हे ठरवणारी जनुके मुलाला आईकडून एक, वडिलांकडून एक अशी जोडीने मिळतात. जोडीत गडद रंगाचे जनुक बहुधा वरचढ ठरते. त्याच्याआड फिक्या रंगाचे जनुक पिढ्यान् पिढ्या न दिसता पुढे जात राहते. नवरा-बायको दोघांकडेही ते असले आणि बाळाच्या वाट्याला दोघांकडूनही नेमके तेच आले, तर बाळ घारे होते. पणजीचे डोळे कसे होते हे आज घरात कोण सांगणार? फोटो असलाच तर तो कृष्णधवल. घारे डोळे म्हणजे कोकणस्थ, असे आपण सहज बोलून जातो. पण कोळ्यांची, कुणब्यांची, मुसलमानांची घारी बाळेसुद्धा मी याच हातांनी पुसून आईच्या कुशीत दिली आहेत.

याच्या उलट प्रकार जास्त अवघड. आई-वडील दोघेही घारे आणि मूल काळ्याभोर डोळ्यांचे. इथे मेंडेलच्या वाटाण्यांवरून अर्धवट लक्षात राहिलेले विज्ञानच संशयाला खतपाणी घालते. १९०७ साली अमेरिकेत चार्ल्स आणि गर्ट्रूड डॅव्हेनपोर्ट या दांपत्याने मांडले की निळे डोळे अप्रभावी गुणाचे असतात आणि सगळा खेळ एकाच जोडीचा. तो हिशेब धरला तर फिक्या डोळ्यांच्या जोडप्याला गडद डोळ्यांचे मूल होऊच शकत नाही. पुढे जवळजवळ शतकभर हेच शिकवले गेले. प्रत्यक्षात तसे नाही. २००८ साली डेन्मार्क, ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवून दिले की पंधराव्या गुणसूत्रावर ओसीए२ आणि हर्क२ ही जनुके शेजारी शेजारी आहेत आणि हर्क२मधला एक लहानसा बदल ओसीए२चे काम मंदावतो, म्हणून मेलॅनिन कमी होते. रंगाचा मोठा वाटा या दोघांचा, पण सगळा नव्हे. २०२१ साली सुमारे १ लाख ९५ हजार लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डोळ्यांच्या रंगाशी संबंध असलेली ५० नवी ठिकाणे सापडली. इतके हात लागत असताना दोन घाऱ्यांच्या पोटी काळ्या डोळ्यांचे मूल येणे क्वचितचे असेल, अशक्य नाही.

शिवाय जन्मवेळचा रंग कायमचा नसतो. काही बाळांचे डोळे सुरुवातीला करडे दिसतात आणि सहा-नऊ महिन्यांत, कधी त्याहूनही उशिरा, गडद होतात. गरोदरपणी केशरदूध प्यायल्याने वा न प्यायल्याने यात काडीचाही फरक पडत नाही.

काही घरांत कुजबुज पार डीएनए चाचणीच्या मागणीपर्यंत जाते. त्यांना सांगायला हवे की पती-पत्नीच्या भांडणात मुलाची डीएनए चाचणी सरसकट करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३मध्ये स्पष्ट केले आहे. वैध विवाहातून जन्मलेल्या मुलाला कायदा मुळातच औरस मानतो.

बाळाचे डोळे बघायचेच असतील तर जरूर बघा, पण रंगासाठी नको. मधली काळी बाहुली पांढरट दिसते का, फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका डोळ्यात पांढरी चमक येते का, हे बघा. तो जन्मजात मोतीबिंदू असू शकतो किंवा रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग. यात उशीर झाला तर नजर जाते, कर्करोगात जीवही जाऊ शकतो. डोळे नेहमीपेक्षा मोठे आणि धुरकट निळसर दिसत असतील, सतत पाणी येत असेल, बाळ उजेड सहन करत नसेल, तर तो काचबिंदू असू शकतो. दोन बुबुळांचे रंग वेगळे असतील तरी डॉक्टरांना दाखवून घ्यावे. "मोठे छान डोळे आहेत" म्हणत घरात ठेवलेले बाळ उशिरा दवाखान्यात आले की जीव तुटतो.

आपल्या आरोग्य पुरवणीत या विषयावर एखाद्या नेत्रतज्ज्ञाचा आणि आनुवंशिकतेच्या अभ्यासकाचा लेख सोप्या मराठीत छापावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तो लेख प्रसूतिगृहांच्या भिंतींवर, आजी-आत्या जिथे बसतात त्या बाकांच्या वर लावता येईल, इतपत मोठ्या अक्षरात छापलात तर आणखी बरे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, चिपळूण