सूचना: उन्हाळ्यात चालणं सोडू नका

सर्व सभासदांना नमस्कार.

ऊन वाढताच आपल्यापैकी बऱ्याच जणांनी फिरणं बंद केल्याचं गेल्या बैठकीत कळलं. कृपया पूर्ण बंद करू नका. आपला मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू लवकर थकवणारा आजार) आटोक्यात असेल, तर डॉक्टरांना विचारून हलका व्यायाम करता येतो. नुसतं पडून राहिलं की धडधाकट स्नायूही ढिले पडतात.

वेळ मात्र सांभाळा. स्नायूंना तात्पुरतं बळ देणारी पायरिडोस्टिग्मिनची गोळी साधारण ३० ते ६० मिनिटांत लागू पडते आणि ३-४ तास टिकते. मी सहाला गोळी घेते, सातला सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या मारते, मग कट्ट्यावर बसते. डावी पापणी जड झाली की चालणं तिथंच थांबवते. काल एकच फेरी झाली, तेवढीही पुरे. आपला स्नायू वापरला की थकतो आणि विसावला की सावरतो, म्हणून दमेपर्यंत ताणायचं नाही. केस विंचरणं, कपडे वाळत घालणं हेही बसून, थांबत-थांबत करा. उष्णतेने अशक्तपणा वाढतो. दुपारी बाहेर पडू नका, कढत पाण्याने अंघोळ नको.

गिळताना ठसका लागला, बोलताना धाप लागली किंवा आडवं झाल्यावर श्वास पुरेना, तर व्यायाम राहू द्या आणि लगेच रुग्णालय गाठा. तिथं आजाराचं नाव आधी सांगा, कारण सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या काही अँटिबायोटिक्सनी आपला अशक्तपणा वाढू शकतो.

रविवारी सकाळी ७ वाजता नेहमीच्या बागेत भेटू. घडीची खुर्ची आणि पाण्याची बाटली आणा. एकट्याने येणं जमत नसेल, त्यांनी शनिवारपर्यंत कळवा, कोणीतरी घ्यायला येईल.