एचआयव्हीबाधित मुलांची उंचीही मोजा

संपादक महोदय,

१ डिसेंबरच्या एड्स दिनानिमित्त दरवर्षी पुष्कळ छापून येते. त्यात एचआयव्हीसह जगणारी लहान मुले एखाद्या ओळीत उरकली जातात. या मुलांना औषध लागू पडते आहे की नाही, याचा पहिला सुगावा वजनकाटा, उंचीची पट्टी आणि सीडी-४ या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा अहवाल देतो. नेमक्या याच नोंदी घाईत होतात.

प्रौढाच्या अहवालात सीडी-४ पेशी ७०० दिसल्या तर काळजी नसते. दहा महिन्यांच्या बाळात तोच आकडा धोक्याचा, कारण निरोगी तान्ह्या बाळात या पेशी दोन-तीन हजारांच्या घरात असतात आणि वयानुसार उतरत जातात. म्हणून पाच वर्षांखाली संख्येपेक्षा टक्केवारी (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींतला सीडी-४ चा वाटा) पाहावी. पहिल्या वर्षात २५, त्यानंतर तिसऱ्या वाढदिवसापर्यंत २० आणि पाचव्यापर्यंत १५ टक्क्यांच्या खाली गेल्यास प्रतिकारशक्ती फारच खालावली असे समजतात. आजारपणात घेतलेला नमुना फसवू शकतो; मूल बरे झाल्यावर तो पुन्हा घ्यावा.

मात्र सीडी-४ घसरेपर्यंत औषधासाठी थांबू नये. दक्षिण आफ्रिकेतील ‘चेर’ चाचणीत लगेच उपचार मिळालेल्या बाळांचे मृत्यू, वाट पाहिलेल्यांच्या तुलनेत ७६ टक्क्यांनी घटल्याचे २००८ मध्येच प्रसिद्ध झाले. आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे १८ महिन्यांपर्यंत नेहमीची चाचणी पॉझिटिव्ह आली तरी निदान पक्के होत नाही. त्यामुळे सहाव्या आठवड्यातली, वाळवलेल्या रक्तठिपक्यावरची पीसीआर, म्हणजे थेट विषाणू शोधणारी तपासणी, चुकता कामा नये.

सुरुवातीचा सीडी-४ कमी आणि वजन वयाच्या मानाने उणे ३ एसडीच्या (सरासरीपासूनच्या प्रमाणित अंतराच्या) खाली, म्हणजे फारच कमी, अशा मुलांना पहिले तीन ते सहा महिने सर्वाधिक जोखमीचे. त्यांना लवकर-लवकर बोलवावे. वजन आधी भरते, उंची मागाहून. उपचार जितके उशिरा सुरू, तितकी उंचीची तूट भरून निघणे अवघड. खुजे मूल अंगाने भरलेले दिसते आणि नुसते वजन पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटते. दोन वर्षांखालील बाळाला आडवे, त्यापुढे उभे करून मोजावे. पद्धत बदलली की सुमारे ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो आणि आलेखात खोटी घसरण उमटते. वजन सलग दोन भेटींत जागच्या जागी राहिले, तर क्षयरोग आणि चुकलेले डोस या दोन्हींचा शोध घ्यावा.

उलट, मूल छान वाढले तरी एक घोटाळा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वजनगटांनुसार ५.८ किलोच्या बाळाला डोल्युटेग्राविर या एचआयव्हीविरोधी औषधाची १० मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी अर्धी. ६ किलो भरताच दीड, म्हणजे तिप्पट! मागच्याच चिठ्ठीवरून औषध दिले गेले, तर वाढत्या बाळाला डोस अपुरा पडतो आणि विषाणू वर डोके काढतो. औषध देण्याआधी प्रत्येक वेळी, कपडे उतरवून, काटा शून्यावर आणून वजन करणे त्यासाठीच.

व्हायरल लोडची (रक्तातील विषाणूच्या प्रमाणाची) तपासणी हवीच, पण ती सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्यात. काटा आणि पट्टी दर भेटीला हाताशी असतात. प्रत्येक एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रात मुलाच्या फाइलला वजन आणि उंची, दोन्हींचा आलेख जोडलेला असावा, आणि तो भरल्याशिवाय औषधाची चिठ्ठी पुढे जाऊ नये, एवढी आमची मागणी आहे.

– बालरुग्णांच्या एआरटी उपचारांत काम करणारे डॉक्टर व समुपदेशक