रविवारच्या अभ्यासासाठी: फारोची दोन स्वप्नं

मंडळींनो, जय ख्रिस्त! येत्या रविवारी उपासनेनंतर बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा ४१वा अध्याय घेणार आहोत. त्यात मिसरच्या (इजिप्तच्या) राजाला, म्हणजे फारोला, दोन स्वप्नं पडतात: एक गायींचं, एक कणसांचं. दोन्हींचा अर्थ एकच, सुकाळानंतर येणारा दुष्काळ. घरून वाचून या. गायी नाईल नदीतूनच वर का येतात, ते बघा. मिसरात पीक पावसावर नाही, नदीच्या पुरावर यायचं. म्हणजे सुकाळ-दुष्काळाचं मूळ एकच. सात दुबळ्या गायी सात धष्टपुष्ट गायी गिळतात, तरी पोट खपाटीलाच! मला तरी हे २१वं वचन करपलेल्या कणसांपेक्षा भयंकर वाटतं. स्वप्न दोनदा का पडलं, ते ३२व्या वचनात सापडेल. स्वप्नांचा अर्थ सांगायला बोलावलेला योसेफ नुसता अर्थ सांगून थांबत नाही, पिकाचा पाचवा हिस्सा साठवायला सांगतो. चर्चेचा बराचसा वेळ त्यावरच जाईल. मागच्या वेळी नेलेली बायबलं कृपया परत आणा.