घुमट खाली ठेवणारी मुले

महोदय,

माझा भाचा एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणेश चवथीच्या आरतीला घुमट, म्हणजे आमचे मातीचे तालवाद्य, त्यानेच वाजवायचे, हा आमच्या घरचा शिरस्ता. यंदा तो आला, पण घुमट धाकट्याच्या हाती देऊन माजघरात पॅथॉलॉजीच्या नोट्स घेऊन बसला. परीक्षा तोंडावर होती म्हणावे, तर तसेही नाही. ‘वाजवत बसलो तर मागे पडेन’, एवढेच म्हणाला.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाचा वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरचा २०२४चा अहवाल वाचला. पाहणीत उत्तरे देणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम नको, एक सुट्टी हवीच, असेही त्यात आहे. (७४ तासांची मर्यादा हीच सवलत वाटावी, यातच सगळे आले!)

गोव्यात मानसोपचार संस्था गोवा वैद्यकीय महाविद्यालयाजवळ, बांबोळीतच आहे, म्हणजे अंतराची सबब नाही. अडचण वेगळीच. तिथे पाऊल टाकले तर उद्या वर्गात कुजबुज होईल, सर काय म्हणतील, ही धास्ती. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तो वसतिगृहाच्या फलकावर लावायला कोणाची मंजुरी लागते? शिवाय गुणांशी आणि हजेरीशी संबंध नसलेला, बाहेरचा समुपदेशक प्रत्येक कॉलेजने नेमावा. आणि पालकहो, फोनवर पहिला प्रश्न ‘किती मार्क?’ हा विचारू नका. ‘जेवलास का?’ विचारा.

– एक मामा, डिचोली